नदी बुजवली, भांडण सशाचे

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम या उद्यानात १९७१ पासून एक कृत्रिम नदी होती. मागच्या मोठ्या चाकाने पाणी सारत जाणारी पांढरी आगबोट तिच्यावर फिरे. मधोमध टॉम सॉयर या जुन्या अमेरिकी कादंबरीतल्या खोडकर मुलाच्या नावाचे बेट होते आणि तराफ्यातून तिथे उतरून गुहा, लाकडी किल्ला आणि पिंपांचा हलता पूल पालथा घालता येई. ६ जुलै २०२५ हा या सगळ्याचा शेवटचा दिवस ठरला. त्या जागेवर आता बोलक्या मोटारगाड्यांच्या चित्रपटमालिकेवर बेतलेला नवा विभाग येत आहे. त्याआधी अडीच वर्षे, जानेवारी २०२३ मध्ये, याच उद्यानातील स्प्लॅश माउंटन ही, पाण्याच्या पाटातून हुशार सशाची गोष्ट दाखवत नेऊन शेवटी उंच उतारावरून खाली सोडणारी राईड बंद झाली होती आणि २८ जून २०२४ रोजी तिच्याच पाटातून, तिच्याच उतारावरून, टियाना या राजकन्येची नवी राईड सुरू झाली. या दोन्ही बदलांवर उद्यानप्रेमींत जो वाद झाला, तो जवळजवळ एकाच साच्यातला होता. एका बाजूला ‘आमचे बालपण हिरावून घेतले’ असा टाहो, तर दुसऱ्या बाजूला ‘काळाबरोबर चला, रडगाणे पुरे’ असा उपदेश. माझ्या मते हे दोन्ही पक्ष चुकीची गोष्ट मोजत आहेत. थीम पार्कमध्ये सांगितली जाणारी कथा बदलणे हा त्या माध्यमाचा स्वभावच आहे, आणि त्याबद्दलचा बहुतेक संताप टिकण्याजोगा नाही. मात्र एका प्रकारची जागाच उद्यानातून नाहीशी होते, तेव्हा येणाऱ्याचे जे नुकसान होते ते खरे असते आणि सहसा भरून निघत नाही. आश्चर्य असे की स्प्लॅश माउंटनचा वाद वर्तमानपत्रांपर्यंत आणि राजकीय मतभेदांपर्यंत जाऊन पोचला, आणि नदी गेली तेव्हाची हळहळ ‘तिथे जात तरी कोण होते?’ या एका प्रश्नावर मोडीत काढली गेली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

स्प्लॅश माउंटनची कुळकथा पाहिली तर ‘मूळ’ या कल्पनेचीच पंचाईत होते. ही राईड प्रथम १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये आली आणि १९९२ मध्ये फ्लोरिडात. कॅलिफोर्नियातल्या राईडमधील गाणारे यांत्रिक प्राणी बहुतांशी तिच्यासाठी घडवलेलेच नव्हते. अमेरिकेच्या संगीताचा इतिहास सांगणारा एक प्रयोग तिथे १९७४ पासून १९८८ पर्यंत चाले. तो बंद करून त्यातली पात्रे इकडे आणली गेली. तो प्रयोग ज्या फिरत्या रंगमंदिरात होई, तेही त्याच्यासाठी बांधलेले नव्हते. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातून आलेला, विजेच्या उपकरणांनी घरगुती जीवन कसे पालटले हे दाखवणारा एक खेळ आधी तिथे होता आणि तो फ्लोरिडाला हलवल्यावर ती जागा मोकळी झाली होती. म्हणजे ज्या राईडच्या नावाने लोकांनी शोक केला, ती स्वतः एका मोडलेल्या प्रयोगाच्या अवशेषांतून उभी राहिली होती आणि तो प्रयोग आणखी आधीच्या एका खेळाच्या जागेवर बसला होता. १९८८ मध्ये त्या गाणाऱ्या प्राण्यांसाठी हळहळणारे कोणी नव्हते का? असणारच. त्यांची हळहळ कमी अस्सल होती का? मग ‘मूळ’ म्हणून नेमका कोणता क्षण गोठवायचा? ज्याला त्याला आपण आठ वर्षांचे असताना जे होते तेच मूळ वाटते, एवढेच याचे उत्तर असेल, तर धोरण ठरवायला ते पुरेसे नाही.

राईडच्या कथेचा प्रश्न तर याहून गुंतागुंतीचा होता. ती ‘साँग ऑफ द साउथ’ या १९४६ च्या चित्रपटातून आलेली होती. गुलामगिरी संपल्यानंतरच्या दक्षिणेतील मळ्यावरचे जीवन गोड आणि निर्वेध रंगवल्याबद्दल त्या चित्रपटावर तो प्रदर्शित झाला तेव्हाच कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी आक्षेप घेतला होता. १९८६ नंतर अमेरिकेतील चित्रपटगृहांत तो पुन्हा लागला नाही, आणि घरी पाहण्यासाठी कंपनीने तो तिथे कधीच विकायला काढला नाही. जो चित्रपट दाखवायची आपल्यालाच लाज वाटते, त्यातला ससा मात्र पाण्याच्या पाटात तीन दशके नाचवत ठेवायचा, ही कंपनीची सोयीस्कर विस्मृती होती. २५ जून २०२० रोजी, वर्णद्वेषाविरुद्ध अमेरिकेत उसळलेल्या निदर्शनांच्या काळात, बदलाची घोषणा झाली. त्यामुळे ती पश्चात्तापाइतकीच प्रसंगावधानाची वाटली, हेही मान्य करायला हवे.

बदलाला विरोध करणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा मात्र बालपणाचा नव्हता आणि म्हणूनच बहुधा तो कोणी फारसा ऐकला नाही. हुशार सशाच्या त्या कथा मुळात चित्रपटाच्या नाहीत आणि त्या लिहून छापणाऱ्या गोऱ्या पत्रकाराच्याही नाहीत. गुलाम म्हणून राबणाऱ्या माणसांनी त्या एकमेकांना सांगितल्या. बलदंड कोल्ह्या-अस्वलांना युक्तीने चकवणारा दुबळा प्राणी हे त्यांचेच बोलणे होते आणि त्या कथांची मुळे आफ्रिकेपर्यंत जातात. गोड मळ्याचे चित्र पुसताना कंपनीने ही लोककथाही पुसली, असे म्हणता येते. दुसरा मुद्दा कारागिरीचा. जुन्या राईडमध्ये शेवटच्या उताराला कथेत अर्थ होता. पकडलेला ससा ‘मला काहीही करा, पण काटेरी झुडपात फेकू नका’ अशी गयावया करतो, त्याला तिथेच फेकतात, आणि काट्यांतच जन्मलेला तो सटकतो. पन्नासेक फुटांवरून आपण कोसळतो ती हीच फेक. नव्या राईडमध्ये टियानाच्या मेजवानीसाठी वादक शोधायचे आहेत, संकट असे काही नाही, खलनायकही नाही, आणि मग आपण खाली का पडतो हे सांगता सांगता कथेची दमछाक होते. तिच्या पार्श्वकथेत टियाना कामगारांच्या मालकीची सहकारी अन्नप्रक्रिया संस्था चालवते, यावर तिकडे बरीच टिंगल झाली. सहकाराच्या महाराष्ट्राला तरी त्याचे थोडे कौतुक वाटायला हरकत नव्हती. पण सहकारी संस्थेच्या अहवालातून उत्कंठा निर्माण होत नाही, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

हे दोन्ही मुद्दे मी खरे मानतो. मात्र त्यांतून बदल करू नये असा निष्कर्ष निघत नाही. नव्याने केलेले काम अधिक चांगले हवे होते, एवढेच निघते. वाईट पुनर्लेखन आणि पुनर्लेखनच वाईट, या दोन तक्रारींत फरक आहे, आणि तो न केल्यामुळेच उद्यानप्रेमींचे बोलणे बाहेरच्यांना हट्ट वाटू लागते. कॅलिफोर्नियात डिस्नेलँडच्या शेजारच्या उद्यानात उद्वाहन कोसळण्याचा भास देणारी टॉवर ऑफ टेरर ही राईड जानेवारी २०१७ मध्ये बंद करून तिथे अंतराळवीरांच्या एका गाजत्या चित्रपटाची कथा घातली, तेव्हाही हाच आकांत झाला होता. इमारत तीच, यंत्र तेच, कथा आणि संगीत नवे. मे २०१७ मध्ये ती उघडली आणि विरोध केलेल्यांपैकीही पुष्कळांना आवडली. याच्या उलट उदाहरण फ्लोरिडातल्याच डिस्नेच्या एपकॉट उद्यानातले आहे. कल्पनाशक्तीची सफर घडवणाऱ्या १९८३ च्या राईडमधून फिगमेंट नावाचा जांभळा ड्रॅगन जवळजवळ हद्दपार करून १९९९ मध्ये ती नव्या रूपात उघडली गेली. लोकांनी ती इतक्या स्पष्टपणे नाकारली की दोन वर्षांतच ती पुन्हा बंद करावी लागली आणि २००२ मध्ये फिगमेंट परतला. मॅजिक किंगडममधील गाणाऱ्या पक्ष्यांच्या प्रयोगात १९९८ मध्ये चित्रपटांतली पात्रे घुसवून त्याचा विनोदी विचका केला होता. २०११ च्या आगीनंतर तिथेही मूळ प्रयोग, थोडा आखूड करून का होईना, परत आणला गेला.

ही परत आलेली पात्रे माझ्या युक्तिवादाचा कणा आहेत. कथेचा थर उलटवता येतो. चूक झाली तर दुरुस्त होते, संहिता कपाटात असते, बाहुल्या पुन्हा घडवता येतात. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन ही १९६७ ची राईड याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्यात १९९७ मध्ये बायकांमागे धावणाऱ्या चाच्यांचा प्रसंग बदलला, २००६ मध्ये चित्रपटातला नायक आला, २०१८ मध्ये स्त्रियांच्या लिलावाचा प्रसंग जाऊन त्यातलीच लाल केसांची स्त्री चाचा झाली. प्रत्येक वेळी राईडचा आत्मा गेल्याची घोषणा झाली. आज त्या अंधाऱ्या पाण्यावरून जाणाऱ्या बोटीत बसलेल्या माणसाला आत्म्याची उणीव भासत असेल असे वाटत नाही, कारण त्या राईडचे सामर्थ्य बोटीत, अंधारात, पाण्याच्या वासात आणि दृश्ये उलगडण्याच्या क्रमात आहे आणि ते अबाधित राहिले आहे. आपल्याकडे एकाच संगीत नाटकातल्या नायकाच्या भूमिकेत चार पिढ्यांनी चार नट पाहिले, प्रत्येक पिढीने मागच्याची आठवण काढून नाक मुरडले, आणि नाटक चालत राहिले. नाट्यगृह पाडायची गोष्ट निघाली की मात्र जुने आणि नवे दोन्ही रसिक एकाच बाजूला उभे राहतात. ही सहज समज डिस्नेच्या भक्तांनी का हरवावी?

आता नदीकडे वळू. तिथे नेमके काय गेले? आगबोटीची कथा अशी काही नव्हतीच. बेटावर कोणी पात्र भेटत नसे, कोणी गात नसे. तिथे पोरांना हात सोडून पळता येई आणि मोठ्यांना सावलीत बसता येई. उंचीची अट नाही, हृदयविकाराची सूचना नाही, पाठदुखीचा इशारा नाही. टियानाच्या राईडला चाळीस इंच उंची लागते, म्हणजे साधारण एक मीटर. त्याहून लहान मुलाला आणि त्याला धरून बसणाऱ्या आजीला नदीकाठ होता. अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला गेलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांना डिस्ने वर्ल्ड दाखवायला ओरलँडोला नेण्याची प्रथाच पडली आहे. त्यांतल्या किती जणांच्या छायाचित्रांच्या पाठीमागे ती पांढरी आगबोट असेल! गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या उद्यानात अर्धा दिवस काढण्याची जी मोजकी ठिकाणे होती, त्यांतले सर्वांत मोठे तेच. शिवाय नदीमुळे तिच्या काठाने फिरणाऱ्यालाही काहीतरी मिळत होते. समोर इमारतीची भिंत नाही, पाणी आणि पलीकडची झाडी आहे. दूरवरून शिट्टी ऐकू येते. गर्दीत उभे असतानाही डोळ्यांना मोकळी जागा मिळते. हे सगळे राईडच्या हजेरीपटावर कसे मांडणार?

‘तिथे जात तरी कोण होते’ या प्रश्नाचा उगम या हजेरीपटातच आहे. थीम पार्क आपल्या आकर्षणांना रांगेने मोजते. ज्याला दीड तास रांग ते यशस्वी, ज्याला रांग नाही ते ओसाड. १९९९ पासून रांग चुकवण्याची चिठ्ठी फुकट मिळे. ऑक्टोबर २०२१ पासून मॅजिक किंगडममध्ये त्यासाठी पैसे मोजावे लागतात, आणि गर्दीच्या दिवशीचे साधे प्रवेशतिकीटच १८० डॉलरच्या वर गेले आहे. रांग हाच विक्रीचा माल झाला की रांग नसलेली जागा हिशेबाच्या वहीत तोट्याची दिसू लागते. वास्तविक रांग नसणे हेच त्या बेटाचे काम होते. शे-दोनशे माणसे तिथे तास-दीड तास रमली, तर तेवढी माणसे दुसऱ्या कोणत्या तरी रांगेतून कमी होत. उद्यान सुसह्य ठेवणाऱ्या जागेला तिच्या सुसह्यतेबद्दलच शिक्षा करायची, असा हा हिशेब आहे.

याला मिळणारे उत्तर दुर्लक्ष करण्याजोगे नाही. जगात कल्पनाशक्ती शिल्लक आहे तोवर डिस्नेलँड पुरे होणार नाही, असे खुद्द वॉल्ट डिस्ने यांनी म्हणून ठेवले आहे, आणि कोणत्याही बदलाच्या समर्थनासाठी ते वाक्य बाहेर काढले जाते. उद्यान म्हणजे संग्रहालय नव्हे, नवे काही आले नाही तर पुढची पिढी येणार नाही, आगबोटीची आणि बेटाची डागडुजी खर्चिक होती, एकोणिसाव्या शतकातल्या मिसिसिपी नदीचे आकर्षण आजच्या मुलाला राहिलेले नाही, हे सर्व मुद्दे बऱ्याच अंशी खरे आहेत. टॉम सॉयर कोण हे विचारले तर आजची किती अमेरिकी मुले सांगतील? त्या मुलांना बोलक्या गाड्या हव्या असतील तर त्यांना त्या का मिळू नयेत?

मिळाव्यात, जरूर मिळाव्यात. पण त्यासाठी नदीच का? फ्लोरिडातील ही मालमत्ता सुमारे शंभर चौरस किलोमीटरची आहे. मोकळ्या दलदलीत रस्ते, नाले आणि वीज नेऊन नवा विभाग उभारणे अधिक महाग पडते, हे मी समजू शकतो. तरीही कॅलिफोर्नियाचे उदाहरण डोळ्यांसमोर असताना हा खुलासा अपुरा ठरतो. तिथल्या डिस्नेलँडची सगळी वसाहत मिळून दोनएक चौरस किलोमीटरची, चारी बाजूंनी शहराने वेढलेली. तिथे अंतराळयुद्धांच्या चित्रपटमालिकेचा विभाग बसवायचा होता, तेव्हा १९५५ पासूनची नदी जानेवारी २०१६ मध्ये बंद करण्यात आली. भीती तीच होती, तक्रारीही त्याच होत्या. जुलै २०१७ मध्ये ती उघडली ती आखूड होऊन. वरच्या अंगाला वळण बदलले होते, तिथे खडक आणि धबधबे आले होते, आगबोट चालू होती, बेटही होते. काठ उलट अधिक देखणा झाला, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. आणि नवा विभाग २०१९ मध्ये ठरल्याप्रमाणे उघडला. त्या बेटावर तर २००७ मध्येच टॉम सॉयरच्या जोडीला चाच्यांचा खजिना आणून बसवला होता. नव्या मुलांना चाचे हवे होते, चाचे दिले. बेट बेटच राहिले. एकाच कंपनीने, एकाच नावाच्या नदीशी, जागेची टंचाई असताना तडजोड केली आणि जागेची सुबत्ता असताना ती बुजवली. मग अपरिहार्यता कुठे गेली? वॉल्ट डिस्ने यांच्या ज्या वाक्याचा आधार घेतला जातो, त्यात वाढण्याची गोष्ट आहे. एक काढून त्याच जागी दुसरे ठेवले की उद्यान वाढत नाही, तेवढेच राहते, आणि गर्दी मात्र वाढलेली असते.

आणखी एक आक्षेप नेहमी येतो की ही खासगी मालमत्ता आहे, तिकीट काढून आत गेलेल्याला तिच्यावर हक्क सांगता येत नाही. कायद्याने हे बरोबर आहे. मात्र करमणुकीच्या जागांचा इतिहास कायद्यावर थांबत नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९७ पासून चालत आलेले स्टीपलचेस पार्क १९६४ मध्ये बंद पडले. ते विकत घेणारे बांधकाम व्यावसायिक फ्रेड ट्रम्प यांनी १९६६ मध्ये ते पाडताना समारंभ केला आणि आलेल्या पाहुण्यांना तिथल्या काचेच्या भव्य दर्शनी भिंतीवर विटा फेकायला लावल्या. मालमत्ता त्यांचीच होती. पण तिथे उंच इमारती बांधण्याची परवानगी त्यांना कधी मिळाली नाही, आणि किनाऱ्यावरची ती जागा पुढे कित्येक वर्षे उजाड पडून राहिली. त्याच कोनी आयलंडवरचा १९२७ चा सायक्लोन हा लाकडी रोलर कोस्टर सत्तरच्या दशकात शेजारच्या मत्स्यालयाच्या विस्तारासाठी पाडायचा घाट होता. लोक उठले, तो वाचला, १९७५ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि १९८८ मध्ये शहराने त्याला वारसावास्तूचा दर्जा दिला. तिथे लढणाऱ्यांनी ‘आमचे बालपण’ एवढेच म्हटले असते तर तो वाचला असता का? शहराच्या किनाऱ्यावर सामान्य माणसाला थोडक्या पैशांत मिळणारी मौज कोणती उरणार, हा प्रश्न त्यांच्या हातात होता.

आपल्याकडेही हे अनुभव आहेत. दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झाले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये बंद झाले. जमीन सर्वोच्च न्यायालय आणि मेट्रोच्या कामी गेली. तेव्हा वृत्तपत्रांत आठवणींचा पूर आला, पण त्या मध्यवर्ती जागी मध्यमवर्गीय कुटुंबाने पुढे कुठे जायचे, हा प्रश्न त्या पुरात वाहून गेला. गोराईचे एस्सेलवर्ल्ड बंद झाले तेव्हा तर जाहिरातीतले गाणे गुणगुणण्यापलीकडे आपली प्रतिक्रिया फारशी गेली नाही. याउलट मुंबईच्या राणीच्या बागेचा कायापालट करून तिथे आंतरराष्ट्रीय धर्तीचे प्राणिसंग्रहालय उभारण्याची मोठी योजना २००७ च्या सुमारास पुढे आली, तेव्हा विरोधाला उभ्या राहिलेल्या नागरिकांनी जुन्या पिंजऱ्यांसाठी किंवा हत्तीवरच्या फेरीसाठी अश्रू ढाळले नाहीत. त्यांनी झाडांची बाजू घेतली. हजारो वृक्षांची, एकोणिसाव्या शतकातली ही वनस्पतिबाग आहे, दाट वस्तीच्या भायखळ्यात सावलीची दुसरी एवढी जागा नाही, आणि प्राण्यांच्या देखाव्यासाठी ती कापता येणार नाही, असा तो युक्तिवाद होता. वारसा समितीपुढे तो टिकला आणि ती योजना मूळ स्वरूपात उभी राहिली नाही. पुढे पेंग्विन आले, तिकीट पाच रुपयांचे पन्नास झाले, त्यावर वाद झाले. तरी झाडे आहेत. सार्वजनिक बाग आणि खासगी उद्यान यांत फरक आहेच, पण कशासाठी भांडावे याची जाण दोन्हीकडे सारखीच लागते.

म्हणूनच उद्यानप्रेमींच्या वागण्याबद्दलही चार कठोर शब्द बोलायला हवेत. स्प्लॅश माउंटनच्या अखेरच्या दिवसांत तिथल्या पाटातले पाणी बाटल्यांत भरून लिलावाच्या संकेतस्थळांवर विकायला आले होते. नदीच्या शेवटच्या दिवशी आगबोटीला गर्दी झाली, आणि त्यात अशीही माणसे असणार जी पूर्वी दहा वेळा येऊन तिच्याकडे न पाहता पुढे गेली होती. वरातीमागून घोडे नाचवण्याने हजेरीपट बदलत नाही. उलट बंद होण्याची घोषणा हेच एक आकर्षण असल्याचा धडा कंपनी त्यातून घेते, आणि निरोपाचे बिल्ले व टीशर्ट छापते. १९९७ च्या अखेरीस मिस्टर टोड या मोटार हाकणाऱ्या बेडकाची राईड वाचवण्यासाठी जमलेले निदर्शक त्या मानाने बरे. हिरवे टीशर्ट घालून ते वेळेआधी आले, राईडमध्ये बसले, लोकांशी बोलले. तरी ७ सप्टेंबर १९९८ ला फ्लोरिडातली ती राईड बंद झालीच. तिच्या जागी आलेल्या विनी द पू या अस्वलाच्या राईडमध्ये टोड घुबडाच्या हातात घराची कागदपत्रे सोपवतो आहे असे एक चित्र भिंतीवर लागले, आणि भक्त त्या चित्रावर खूश झाले. मला तो प्रकार फार चलाखीचा वाटतो. गेलेल्याची एक खूण कोपऱ्यात लपवायची, ती शोधून काढण्याचा आनंद जाणकारांना द्यायचा, आणि मूळ तक्रारीचे रूपांतर कौतुकात करून टाकायचे. तरी कबूल करतो की टोडच्या बाबतीत हानी मर्यादित होती, कारण अंधाऱ्या खोल्यांतून डुलत जाणाऱ्या लहान मुलांच्या राईडच्या जागी तशाच प्रकारची राईड आली, आणि कॅलिफोर्नियात टोड स्वतः १९५५ पासून आजही गाडी हाकतो आहे. नदीच्या बाबतीत यांपैकी काहीच म्हणता येत नाही. नव्या विभागातल्या एखाद्या फलकावर आगबोटीचे चित्र लावले, तर त्यात बसून कोणाचे गुडघे विसावणार आहेत?

अशा खुणांवर समाधान मानण्याऐवजी घोषणेच्या दिवशीच काही रूक्ष प्रश्न विचारले गेले पाहिजेत, आणि ते तिकिटाचे पैसे भरणाऱ्यानेच विचारायला हवेत. जाणाऱ्या जागेत एका वेळी किती माणसे रांगेशिवाय मावत होती, आणि येणाऱ्या जागेत किती मावतील? त्यांत बसायला, सावलीला, जादा पैसे न मोजता किती जागा असेल? एक मीटरपेक्षा लहान मुलाला आणि सत्तरीच्या माणसाला तिथे काय करता येईल? नवे आकर्षण मोडले आणि दुपारभर बंद राहिले, जे नव्या यंत्रांचे वारंवार होते, तर आसपास थांबण्याजोगे काही उरेल का? २०२४ च्या ऑगस्टमध्ये या विभागाची घोषणा झाली तेव्हा तो नदीजवळच्या बिग थंडर माउंटन या राईडच्या डोंगरापलीकडे होईल असाच बहुतेकांचा समज झाला होता, आणि नदी जाणार हे त्यानंतर स्पष्ट झाले; या क्रमात असे प्रश्न विचारायला वेळच उरत नाही, आणि बहुधा तसाच हेतू असावा. कॅलिफोर्नियातली आखूड झालेली नदी आज चालू आहे. तिच्या काठाला लागून पुढचा विस्तार जाहीर होईल तेव्हा तिथे कोणत्या चित्रपटाची कथा येते यावर महिनाभर भांडण होईल, हे मी आजच सांगू शकतो. काठावरच्या बाकांची संख्या मात्र कोणीतरी त्याआधी मोजून ठेवावी.